कोबोलचा कोड नीटनेटका करताना या चुका टाळा

कोबोल या जुन्या संगणक-भाषेतील प्रोग्रॅमची मांडणी सुधारायला घेतली की सगळे लक्ष ओळीच्या डाव्या कडेकडे जाते; खरा धोका मात्र उजव्या कडेला, ७२व्या कॉलमपाशी असतो. ८० कॉलमच्या पंचकार्डावरून आलेल्या या मांडणीत पहिले ६ कॉलम अनुक्रमांकाचे, सातवा खुणेचा, ८ ते ११ ‘एरिया ए’चे आणि १२ ते ७२ ‘एरिया बी’चे असतात. ७३पासून पुढे काहीही लिहिले तरी कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) ते विधानाचा भाग मानत नाही.

समजा, एका ‘इफ’ (अट) खालचे ‘मूव्ह’चे (किंमत दुसरीकडे नेण्याचे) विधान ६९व्या कॉलमात पूर्णविरामाने संपते. वाचायला सोपे जावे म्हणून ती ओळ चार कॉलम उजवीकडे सरकवली, तर पूर्णविराम ७३व्या कॉलमात जाऊन पडतो. साध्या संपादकात तो डोळ्यांना स्पष्ट दिसतो, पण कंपायलरच्या लेखी तो नसतोच; त्यामुळे ‘इफ’ तिथे संपत नाही आणि पुढच्या ओळीवरचे ‘परफॉर्म’ (दुसरा परिच्छेद चालवणारे विधान), जे प्रत्येक खात्यासाठी चालायला हवे होते, ते अट पूर्ण करणाऱ्या खात्यांपुरतेच चालते. रिटर्न कोड शून्य, म्हणजे ‘सारे ठीक’, येतो, म्हणून कोणाला संशयही येत नाही. यासाठी प्रत्येक ‘इफ’ला ‘एंड-इफ’ द्यावे, जे कोबोल-८५ पासून उपलब्ध आहे, आणि पूर्णविराम परिच्छेदाच्या शेवटी, १२व्या कॉलमात, स्वतंत्र ओळीवर एकटाच ठेवावा. माझ्या मते मांडणीतील हा सर्वांत मोलाचा बदल आहे.

आयएसपीएफ या मेनफ्रेमवरील संपादकात अनेक ओळी एकदम सरकवताना दुहेरी कंस वापरण्याची सवय अनेकांना असते, परंतु त्या आज्ञेने सीमेपलीकडे गेलेली अक्षरे गळून पडतात. त्याऐवजी दुहेरी ‘>’ वापरावे. मजकूर मावत नसेल, तर ही आज्ञा तो कापत नाही आणि त्या ओळीवर चूक झाल्याची खूण करते. ‘कॉल्स’ ही आज्ञा देऊन कॉलमची मोजपट्टी समोर ठेवली की नजरेचा अंदाज चुकत नाही.

सातव्या कॉलममधील ‘-’ खुणेने पुढच्या ओळीवर नेलेला अवतरणातील मजकूर तर हलवूच नये. पहिल्या ओळीवर ७२व्या कॉलमपर्यंत उरलेली प्रत्येक मोकळी जागा त्या मजकुराचा भाग धरली जाते. ओळ दोन कॉलम डावीकडे घेतली की छापील अहवालाच्या मथळ्यात दोन जागा वाढतात आणि पुढचे रकाने सरकतात. असा मजकूर दोन ‘फिलर’मध्ये (नाव नसलेल्या रकान्यांत) विभागावा.

टॅबऐवजी स्पेसच वापराव्यात. चुकीच्या इंडेंटेशनमुळे ‘एल्स’ बाहेरच्या ‘इफ’चा आहे असे वाटले, तरी तो आतल्या, अजून न संपलेल्या ‘इफ’लाच जोडला जातो.

मांडणीतील बदल आणि हिशेबातील बदल एकाच फेरीत करू नयेत. मांडणी बदलल्यावर जुना व नवा प्रोग्रॅम एकाच कंपायलरवर, त्याच पर्यायांनिशी कंपाइल करून असेंब्ली लिस्टिंगमधील (कंपायलरने तयार केलेल्या यंत्र-आज्ञांच्या यादीतील) आज्ञा ताडून पाहाव्यात; केवळ मोकळ्या जागा हलल्या असतील, तर त्या आज्ञांत फरक दिसायला नको, आणि दिसलाच, तर सर्वप्रथम ७३व्या कॉलमात काय सरकले आहे ते पाहावे.