जिम्नीला मोठे टायर टाकायचेत? आधी गिअरचा हिशोब करा

जिम्नी, म्हणजे मारुतीची छोटी फोर बाय फोर (चारही चाकांना ओढ देणारी) गाडी, घेतली की पहिला पावसाळा यायच्या आतच तिचे टायर बारीक वाटायला लागतात. मग आपण टायरच्या दुकानात जातो आणि दिसायला भारी असेल तो साईज सांगून मोकळे होतो. गिअरचा विचार नंतर येतो, घाटात गाडी दम टाकायला लागली की. माझं म्हणणं एवढंच आहे की टायर आणि गिअर या दोन वेगळ्या खरेद्या नाहीत, एकच आहे, आणि तिचा हिशोब पैसे द्यायच्या आधी कागदावर पाच मिनिटांत होतो. मी इथे मॅन्युअल जिम्नी धरलीय, पण रीत कुठल्याही फोर बाय फोरला हीच.

कंपनीचा टायर १९५/८० आर१५. १९५ म्हणजे मिलीमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के साईडवॉलची उंची, आणि १५ इंचाची रिम म्हणजे ३८१ मिमी. १९५ चे ८० टक्के १५६, वर-खाली मिळून ३१२, त्यात ३८१ मिळवले की व्यास आला ६९३ मिमी. असंच करत गेलात तर २१५/७५ आर१५ चा व्यास येतो साधारण ७०३ आणि २३५/७५ आर१५ चा ७३३. म्हणजे पहिल्यात दीड टक्का वाढ आणि दुसऱ्यात जवळपास सहा टक्के, आणि या दोन आकड्यांमध्येच सगळा खेळ आहे.

एक गोष्ट लोक विसरतात, व्यास ४० मिमी वाढला तरी गाडी वर उचलली जाते फक्त २० मिमी, कारण निम्मी वाढ ॲक्सलच्या वर जाते. पण ते २० मिमी फार मोलाचे. लिफ्ट किटने (उंच स्प्रिंग वगैरे) बॉडी वर जाते, डिफचा म्हणजे डिफरन्शियलचा, ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचा गोळा आहे तिथेच राहतो, आणि दोन चाकोऱ्यांच्या मधल्या दगडावर आधी तोच आपटतो. त्याला जमिनीपासून उचलायचा साधा उपाय म्हणजे मोठा टायर, त्यामुळे मोठे टायर नकोतच असं माझं अजिबात म्हणणं नाही.

आता गिअर. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, म्हणजेच सगळे गिअर तेवढ्या टक्क्यांनी लांब होतात आणि रस्त्यावर पोचणारी ओढ तेवढीच कमी होते. जिम्नीचं इंजिन १४६२ सीसी पेट्रोल, टॉर्क (फिरवणारा जोर) १३४ न्यूटन मीटर आणि तोही ४००० आरपीएमला. थार डिझेलला ३०० न्यूटन मीटर आणि ते १६०० आरपीएमपासूनच मिळतात, त्यामुळे थारवाल्या मित्राने दोन साईज वर टाकले आणि त्याला काही जाणवलं नाही म्हणून आपल्यालाही जाणवणार नाही असं धरू नका.

मॅन्युअल जिम्नीत डिफचा रेशो ४.०९ आहे (चाकाच्या एका फेऱ्याला डिफकडे येणारा शाफ्ट ४.०९ फेरे घेतो) आणि पाचवा गिअर १:१, म्हणजे १०० च्या स्पीडला इंजिन ३१०० आरपीएमच्या आसपास फिरतं. २३५/७५ टाकल्यावर तेच २९५० होतं. ऐकायला छान वाटतं, इंजिन शांत झालं, ॲव्हरेज वाढेल वगैरे. पण इंजिनची सगळ्यात जास्त ओढ ४००० ला आहे, आपण तिच्यापासून अजून लांब गेलो, त्यात मड टेरेन (चिखलासाठीचा, खोल नक्षीचा) टायर जड असतो (दुकानात दोन्ही टायर एकदा हाताने उचलून बघाच), मग ताम्हिणीच्या चढाला जिथे चौथ्यात आरामात जात होतात तिथे तिसरा टाकावा लागतो, आणि ॲव्हरेज वाढायच्या ऐवजी पडतं.

ट्रेलवर, म्हणजे कच्च्या खडकाळ वाटेवर, काय होतं ते महत्त्वाचं. पहिला गिअर ४.४२५, लो रेंज (फोर बाय फोरचा हळू चालायचा जादा गिअर) २.००२, डिफ ४.०९, तिघांचा गुणाकार ३६.२. हा तुमचा क्रॉल रेशो, म्हणजे इंजिनचे ३६ फेरे झाले की चाकाचा एक. हा आकडा जितका मोठा तितकी गाडी दगडावरून सावकाश, क्लचला हात न लावता चढते, आणि उतारावर ब्रेक न दाबता इंजिनवरच रोखून धरली जाते. २३५/७५ च्या मोठ्या चाकाने त्याचा परिणाम ३४ इतकाच उरतो. दोन आकड्यांचा फरक सपाटीवर काहीच नाही, पण शेवाळ धरलेल्या कातळावर हळू जायला गेलं की गाडी बंद पडायला बघते, मग आपण हाफ क्लच करतो आणि थोड्या वेळात क्लचचा वास येतो.

रेशो पूर्वीसारखा करायचा तर सूत्र सोपं आहे, जुना रेशो गुणिले नवा व्यास भागिले जुना व्यास. ४.०९ ला हे लावलं की येतं ४.३३. आणि गंमत बघा, ऑटोमॅटिक जिम्नीचा डिफ ४.३० चा असतो, म्हणजे हवा तो आकडा जवळजवळ कंपनीच्याच घरात आहे. ४.३० ने क्रॉल रेशो परत ३६ वर येतो. फक्त आपल्या गाडीच्या हौसिंगमध्ये कुठले पार्ट बसतात ते चेसिस नंबर देऊन पार्ट नंबरवर तपासून घ्या, तोंडी भरवशावर क्राऊन पिनियन (डिफमधली रेशो ठरवणारी दोन दातेरी चाकं) विकत घेऊ नका. आणि पुढचा मागचा दोन्ही डिफ बदलायचे, दोन्ही एकाच रेशोचे, यात तडजोड नाही. जिम्नीचा फोर बाय फोर पार्ट टाइम आहे, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये तिसरा डिफरन्शियल नाही, पुढे ४.०९ आणि मागे ४.३० ठेवून फोर एच (नेहमीच्या स्पीडचा फोर बाय फोर) टाकलात तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरचा डबा) मरतो. त्याच कारणाने चारही टायर एकाच साईजचे, एकाच कंपनीचे, सारखेच झिजलेले हवेत, आणि स्टेपनीही त्याच मापाची, म्हणजे बजेट पाच टायरचं करा.

२१५/७५ ला यातलं काहीच लागत नाही. रेशो ४.१५ यायला हवा, ४.०९ वर फरक कळतही नाही, कंपनीच्या साडेपाच इंची रिमवर टायर बसतो. २३५/७५ ला मात्र रिम किमान सहा इंच रुंद लागते, लिफ्ट लागते, ब्रेक तेच राहून चाक जड झाल्याने गाडी थांबायला जास्त अंतर घेते. कोकणातली लाल माती असो की देशावरची काळी माती, जिम्नीसारख्या हलक्या गाडीला मला अरुंद आणि उंच टायरच आवडतो, तो चिखल कापून खालच्या घट्ट थराला लागतो, रुंद टायर वरच पोहत राहतो. काळ्या मातीत टायरवरच्या रबरी ब्लॉकमधली जागा मोकळी असलेला पॅटर्न बघा, नाहीतर चार फेऱ्यांत टायर लिंपल्यासारखा गुळगुळीत होतो. ज्यांचे ९० टक्के किलोमीटर डांबरावर होतात त्यांनी २१५/७५ ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) घ्यावेत आणि राहिलेल्या पैशात चांगला कॉम्प्रेसर घ्यावा, कच्च्या वाटेवर हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली की तोच टायर कितीतरी जास्त पकड देतो. डांबरावर यायच्या आधी परत भरायची.

कागदावरचा व्यास आणि खरा व्यास यात कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून बसवल्यावर मोजा. सपाट फरशीवर गाडी उभी करा, हवा बरोबर भरलेली, कोणीतरी ड्रायव्हर सीटवर बसलेलं. टायर जिथे जमिनीला टेकलाय तिथे टायरवर आणि फरशीवर खडूने खूण करा, गाडी हळू ढकलत खूण परत खाली येईपर्यंत न्या, दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. तो खरा घेर. जुन्या टायरचंही आधी असंच मोजून ठेवलं असेल तर टक्केवारी थेट मिळते. स्पीडोमीटरही तेवढ्या टक्क्यांनी मागे दाखवतो, २३५ वर तो पूर्वी ८० ला जिथे होता तिथे असला की गाडी प्रत्यक्षात जवळपास पाच किलोमीटरने जास्त पळतेय.

टायर घासतो का ते दुकानाच्या सपाट जागेवर कळत नाही. पुढचं एक चाक उंचवट्यावर चढवा आणि स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, आतल्या बाजूला सस्पेन्शनच्या आर्मपाशी, पुढे बंपरच्या कोपऱ्यापाशी आणि मागे मडफ्लॅपपाशी टायरच्या मधे बोट जातं का बघा.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलंय, त्यामुळे मोठे टायर, लिफ्ट, गिअर यातलं काहीही करायच्या आधी आरटीओ आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी विचारा, क्लेमच्या वेळी हाच मुद्दा निघतो. नव्या टायरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ ९६ पेक्षा कमी नको.

क्राऊन पिनियन बसवून घेताना मेकॅनिक बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने मोजतो का आणि दातांना रंग लावून ठसा बघतो का ते विचारा, हाताने हलवून ठीक आहे म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. नवीन सेट बसला की पहिल्यांदा वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, मग परत तसंच, सुरुवातीचे काही शे किलोमीटर ट्रेलर ओढणं आणि एकाच स्पीडला हायवे दामटणं टाळा, आणि आठशेच्या आसपास दोन्ही डिफचं ऑईल बदला. काढलेल्या ऑईलमध्ये बारीक राखाडी चकाकी असणारच, पण बोटाला टोचेल असा कण लागला तर गाडी तिथेच थांबवून डिफ उघडायला सांगा.