ऊसतोडीच्या तळावर वाचनालय कसं न्यावं

दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं आणि बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात उतरतात. त्यांची पोरं पाच-सहा महिने आपल्याच शिवारात कोप्यांतून, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांतून राहतात, पण वाचनालयाची पायरी चढत नाहीत. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानं मान्यता घेतलेलं आपलं वाचनालय 'सार्वजनिक' म्हणवतं. त्यात ही पोरंही आली. तेव्हा आपणच जायचं.

पहिल्या खेपेला पुस्तकं नेऊ नका. मुकादमाला भेटा, सहा वर्षांखालची पोरं किती ते अंगणवाडीताईंकडून समजून घ्या आणि बायकांना वेळ विचारा. आम्ही सकाळी दहाला गेलो होतो, तेव्हा तळावर दोन म्हाताऱ्या आणि कुत्री. जोडपी पहाटेच फडात जातात. संध्याकाळी चुली पेटतात ती वेळ खरी.

पुस्तकं वीस-पंचवीस पुरेत. मोठी चित्रं, ओळी थोड्या, काही तर बिनशब्दांची. बऱ्याच घरांत गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, आणि आईला अक्षरओळख नसली तरी चित्रावरून गोष्ट सांगता येते. खर्चाची अडचण असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावरून मराठी चित्रपुस्तकं फुकट उतरवून छापता येतात.

तळावर सतरंजी कोप्यांपासून लांब टाकू नका, चुलीजवळ टाका. एकदा मी बैलाचं चित्र दाखवत होते. भाकरी थापणारी आई मान वळवून म्हणाली, "ह्याला येसन न्हाई घातली ओ!" तिच्या चार वर्षांच्या पोरीनं लगेच चुलीतला कोळसा उचलला आणि बैलाच्या नाकात रेघ ओढली. मग मायलेकींनी मिळून पुढची पानं उलटली. त्या संध्याकाळी मी वाचून दाखवायचं थांबवलं. तेव्हापासून पुस्तक आईसमोर धरायचं, "हे काय चाललंय?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं.

पुस्तकं तळावर ठेवून या. अनामत, वर्गणी, आधार काही मागू नका. धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी आठ-नऊ वर्षांची ताई प्रत्येक तळावर असते. देवघेवीची वही तिच्या हाती द्या. नाव लिहिता येत नसेल तर कोपीचं चित्र काढून खूण करू द्या. पण तिचं नाव साखरशाळेत (ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठीची हंगामी शाळा) किंवा जवळच्या शाळेत नाही असं कळलं, तर आधी मुख्याध्यापकांना गाठा. ते काम पुस्तकांहून मोठं आहे.

पुस्तकं फाटतील, भिजतील. हे कार्यकारी मंडळाच्या बैठकीत आधीच मांडा आणि तळाच्या पुस्तकांची वेगळी नोंद ठेवायचा ठराव करून घ्या, नाहीतर ग्रंथपालाच्या पगारातून वसुलीची भाषा सुरू होते. ठरलेला वार मात्र चुकवू नका. एक आठवडा गेला नाहीत तर पोरं वाटेकडे बघत बसतात.

हंगाम संपायच्या आठवडाभर आधी प्रत्येक पोराला एक पुस्तक निवडू द्या आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या. परतीच्या ट्रॉलीत ते भांडी, सरपण आणि कोंबड्यांसोबत रात्रभर प्रवास करणार असतं.