चालू डिस्क कर्नलमधून काढताना या चुका टाळा

जळगावात कॉलेजची पोरं माझ्याकडे प्रोजेक्ट घेऊन येतात, बहुतेकांचा लिनक्स कर्नलसाठीचा एक साधा ब्लॉक ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा कोड) असतो, लोड होतो, माउंट होतो, फाइल कॉपी होते, सगळं भारी. मग मी म्हणतो, आता कॉपी चालू असतानाच डिस्क काढून दाखव भाऊ. तिथेच मशीन लटकतं. कारण डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या प्रोब फंक्शनवर आठ दिवस दिलेले असतात आणि ते काढताना चालणारं रिमूव्ह फंक्शन शेवटच्या रात्री लिहिलेलं असतं.

पहिली आणि सगळ्यात महागाची चूक म्हणजे डिव्हाइस गेलं की सगळं संपलं असं धरून चालणं. हार्डवेअर गेलं हे खरं, पण त्याच्या नावाने मेमरीत जे स्ट्रक्चर उभं केलंय ते अजून कोणाकोणाच्या हातात असतं, माउंट केलेली फाइलसिस्टीम असते, कोणीतरी उघडून ठेवलेला फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) असतो, अर्ध्यात असलेल्या वाचण्या-लिहिण्याच्या रिक्वेस्ट असतात. तुम्ही रिमूव्हमध्ये सरळ के-फ्री मारलं, म्हणजे ती मेमरी सोडून दिली, की त्यातला कोणीतरी नंतर त्याच मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालतो, आणि वाईट हे की क्रॅश लगेच येत नाही, थोड्या वेळाने भलतीकडेच येतो. क्रॅशच्या ट्रेसमध्ये ईएक्सटी४ या फाइलसिस्टीमचं नाव दिसतं म्हणून पोरं दोन-दोन दिवस फाइलसिस्टीम तपासत बसतात, चूक मात्र स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये.

मी त्यांना विहिरीतली मोटार आठवायला सांगतो. मोटार वर काढायची तर आधी स्टार्टर बंद करतो, मग फ्यूज काढून खिशात टाकतो म्हणजे दुसरं कोणी चालू करायला नको, पाइपातलं पाणी उतरू देतो, आणि मग दोर लावून मोटार वर. लिनक्समध्ये पण क्रम हाच आहे. डिस्क अचानक उपटली गेली असेल तर आधी बीएलके_मार्क_डिस्क_डेड, म्हणजे नवीन आयओ (वाचणं-लिहिणं) आत न येता एररने परत जाईल, हा झाला फ्यूज. मग डेल_जेनडिस्क, ते डिस्कचं नाव सिस्टीममधून काढतं आणि आत अडकलेला आयओ संपायची वाट बघतं. पुट_डिस्क सगळ्यात शेवटी, आणि तेही फक्त तुमचा रेफरन्स (डिस्कवरची तुमची पकड) सोडतं, खरी मेमरी शेवटचा धरणारा हात सोडेल तेव्हाच मोकळी होते. तुमचा प्रायव्हेट डेटासुद्धा तेव्हाच सोडायचा, त्यासाठी कर्नल ५.१८ पासून फ्री_डिस्क नावाचा कॉलबॅक दिलेला आहे, तो वापरा.

अचानक उपटलेल्या डिस्कवर डेड मार्क न करताच डेल_जेनडिस्क बोलावलं तर ते बिचारं कॅशमधली राहिलेली डर्टी पेजेस (डिस्कवर अजून न लिहिलेला डेटा) लिहायला जातं, समोर डिस्कच नाही, आणि ड्रायव्हर त्या रिक्वेस्ट एररने संपवत नसेल तर सगळं तिथेच थांबतं. रिक्वेस्टची क्यू क्वायेस करून (थांबवून) ठेवली असेल तरी तेच, कारण रिक्वेस्ट पुढे सरकतच नाहीत आणि डेल_जेनडिस्कमधलं क्यू फ्रीझ त्यांच्या संपण्याची वाट बघत बसतं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, एखादा टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त ब्लॉक असल्याचा मेसेज आला की आधी हेच बघा, हातातल्या सगळ्या रिक्वेस्ट आयओ एरर देऊन संपवल्यात का.

टायमरचं वेगळं सांगतो, कारण इथे चांगले चांगले फसतात. आपल्याकडे रात्रीची लाइट असते म्हणून मोटारीला ऑटो लावलेला असतो ना, तो बंद न करता कोणी विहिरीत उतरला आणि लाइट आली तर मोटार आपोआप चालू. ड्रायव्हरचा टायमर आणि वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) एकमेकांना परत परत चालू करत असतील तर अगदी हाच धोका. टायमर डिलीट केला, पण दुसऱ्या सीपीयूवर त्याचा हँडलर चालूच आहे, किंवा वर्कने तो परत लावला. म्हणून हँडलर संपेपर्यंत थांबणारं सिंकवालंच फंक्शन वापरायचं, आणि ६.२ पासून टायमर_शटडाउन_सिंक आहे, त्यानंतर तो टायमर कोणी लावला तरी लागत नाही.

लॉकची चूक थोडक्यात: ओपन आणि रिलीजमध्ये जो म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) घेता तोच हातात धरून डेल_जेनडिस्क बोलावू नका. ते आतून डिस्कचा ओपन म्युटेक्स घेतं, तिकडे ओपन करणाऱ्याने तो आधीच घेतलेला असतो आणि तो तुमच्या लॉकसाठी थांबलेला. दोघंही अडकले. लॉकडेप, म्हणजे कर्नलचा लॉक तपासणारा भाग, चालू ठेवलं तर ते आधीच ओरडतं.

अजून एक, डिस्क सिस्टीममध्ये आणणारं ऍड_डिस्क ५.१५ पासून एरर परत देतं, ती तपासा. ते फेल झालं असेल तर डेल_जेनडिस्क नको, फक्त पुट_डिस्क.

काढलेली डिस्क परत लावली आणि तिचं नाव एसडीबीचं एसडीसी झालं तर घाबरू नका, जुनी अजून कोणीतरी धरून बसलंय एवढाच त्याचा अर्थ. लेझी अनमाउंट (वापरात असतानाच माउंट नावापुरता काढणं) करून पळवाट काढली की नेमकं हेच होतं, माउंट दिसेनासा होतो पण आतून तसाच असतो. एफयूजर किंवा एलएसओएफ लावून कोण धरतंय ते शोधा आणि एफएसटॅबमध्ये, म्हणजे माउंटच्या यादीच्या फाइलमध्ये, नावाऐवजी यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा न बदलणारा ओळखक्रमांक) लिहा.

तपासायला खरी डिस्क उपटायची गरज नाही. केसॅन (मोकळ्या मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं) आणि लॉकडेप चालू करून कर्नल बांधा, व्हर्च्युअल मशीनमध्ये आधी एससीएसआय_डीबग मॉड्यूलची खोटी डिस्क घेऊन सराव करा, डीडीने त्यावर लिहिणं चालू ठेवून सिसएफएसमधल्या (/sys) तिच्या डिव्हाइस फोल्डरच्या डिलीट फाइलमध्ये १ लिहा, मग एससीएसआय होस्टचं स्कॅन करून ती परत आणा. त्यातून काढतानाचे मेसेज ओळखीचे झाले की तोच खेळ तुमच्या ड्रायव्हरवर, त्याला डिव्हाइसपासून अनबाइंड करून (सोडवून) परत बाइंड करत, रात्रभर लूपमध्ये टाका. एकदा फाइल उघडी ठेवून, एकदा माउंट असताना, एकदा ओपन चालू असतानाच. सकाळी डीमेसेज वरून खालपर्यंत वाचायचा, नुसती शेवटची ओळ नाही.