पडद्यावर चांदणं पडलं तर: प्रोजेक्टरची आरशांची चिप कशी बदलायची

जिल्हा परिषदेच्या एका शाळेतल्या बाई गेल्या पावसाळ्यात रिक्षातून प्रोजेक्टर घेऊन माझ्या दुकानात आल्या. पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, सूर्यमाला शिकवायला घेतली तर पोरं विचारतात, बाई, यातले खरे तारे कोणते?"

लावून बघितला. काळ्या पडद्यावर साठ-सत्तर पांढरे ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे, एकदम रेखीव. आठ-दहा वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून शाळा 'डिजिटल' झाल्या, तेव्हा घेतलेल्या प्रोजेक्टरांना आता हा आजार सर्रास दिसतो. कराडात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे आणि आठवड्याला असा एखादा तरी नग येतोच. बहुतेक जण सांगतात, "एकानं भंगारात घाला म्हणून सांगितलं." घालू नका. स्क्रू सरळ धरता येत असेल आणि दुपार मोकळी असेल, तर हे काम घरी होतं.

आधी ठिपका म्हणजे काय ते कळायला हवं, नाहीतर नको ते बदलाल. डीएलपी प्रोजेक्टरमध्ये नखाएवढी एक चिप असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचे आरसे बसवलेले असतात. १०२४ गुणिले ७६८ च्या चिपवर ७,८६,४३२ आरसे. पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूला एक. यातल्या बऱ्याच चिपांवर दोन आरशांमधलं अंतर १०.८ मायक्रॉन असतं, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीत सहा-सात आरसे सहज मावतील. प्रत्येकाखाली बिजागरी आणि तिच्याखाली मेमरीचा एक कप्पा. कप्प्यात १ आला की आरसा एकीकडे १२ अंश कलतो आणि उजेड लेन्समध्ये जातो. ० आला की दुसरीकडे कलतो आणि उजेड आतल्या काळ्या भिंतीवर जिरतो. करडा रंग हवा असेल तर आरसा सेकंदाला हजारो वेळा इकडेतिकडे होतो, आपला डोळा त्याची सरासरी घेतो. रंगाचं काम समोर फिरणाऱ्या लाल-हिरव्या-निळ्या काचेच्या चाकाचं. म्हणून उजेडाच्या बाजूला अडकलेला आरसा पांढरा दिसतो: तिन्ही रंग तो सारखेच पडद्यावर फेकत राहतो. काळ्या बाजूला अडकला तर पांढऱ्या पडद्यावर काळा ठिपका.

हे डोकं लॅरी हॉर्नबेक यांचं, अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधलं. १९७७ पासून ते पातळ पडद्यासारखा ताणलेला आरसा हवा तेवढा वाकवायच्या मागे होते. दहा वर्षं त्यात गेली. १९८७ साली त्यांनी 'हवा तेवढा' हा नाद सोडला आणि आरसा दोनच जागी टेकू दिला, इकडे किंवा तिकडे. तिथून गाडी चालली. चिपला पहिली नोकरी मिळाली ती विमानाची तिकिटं छापणाऱ्या यंत्रात. सिनेमा नंतर आला, आणि त्यासाठी २०१५ मध्ये त्यांना ऑस्करची बाहुली मिळाली. बिजागरी दमून तुटेल अशी सगळ्यांना धास्ती होती. चाचण्यांत ती एक लाख कोटींहून जास्त वेळा हलवली तरी तुटली नाही. बिजागरी मरते ती उष्णतेनं. गरम असताना तासन् तास एकाच बाजूला वळलेली राहिली की धातूला तीच वळणं लागतात, आणि मग कप्प्यातल्या विजेचा जोर तिला परतवायला पुरत नाही. शाळेत प्रोजेक्टर चालू ठेवून पहिल्याच स्लाइडवर दोन तास भाषणं चालतात, ती अशी महागात पडतात.

आधी खात्री करा

चिप मागवण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, मेनूमध्ये जाऊन चित्र उलटं करा (छताला टांगायची सोय असते, तीच). चित्र उलटलं आणि ठिपके जागच्या जागी राहिले, तर दोष प्रोजेक्टरच्या आत आहे. चित्राबरोबर ठिपकेही फिरले तर तुमचा लॅपटॉप किंवा केबल तपासा आणि मला शिव्या देऊ नका.

दुसरी, फोकसची रिंग फिरवा. अक्षरं रेखीव होतात त्याच क्षणी ठिपकाही रेखीव होत असेल तर तो आरसा आहे. अक्षरं स्पष्ट आणि डाग मात्र फुगलेला, धुरकट, तर ती धूळ. चिपवर काच असते आणि आरसे तिच्या आत थोडे खोल असतात, त्यामुळे काचेवरची धूळ आरशांबरोबर कधीच फोकसमध्ये येत नाही. धुळीसाठी चिप बदलणारा मेकॅनिक मी पाहिलाय. गिऱ्हाइकानं पैसे दिले, डाग तसाच राहिला.

तिसरी, ठिपक्यांऐवजी उभ्या रेघा असतील तर चिप बहुधा शाबूत आहे. चिप आणि बोर्ड यांच्यातले संपर्क मळलेत. चिप काढून साफ करून पुन्हा बसवली की निम्म्या वेळा काम होतं, फुकटात.

आणि चार-पाचच ठिपके असतील तर? मी तर काही करू नका असं सांगतो. जाळ्या साफ करा आणि वापरा. पण अर्ध्या तासात ठिपके वाढत जात असतील तर चिपचे दिवस भरले.

उघडण्याआधी

पंखा स्वतःहून थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही. थांबल्यावर प्लग काढून तासभर तसाच ठेवा. आतल्या दिव्यात पारा असतो आणि चालू असताना आतला दाब दोनशे वातावरणांच्या घरात जातो. गरम दिव्याला धक्का लागून तो फुटला तर खिडक्या उघडून खोलीबाहेर पडायचं, पोरांना आधी. दिवा पेटवणारा बॅलास्ट सुरुवातीला काही हजार व्होल्टचा झटका देतो, त्या बाजूला बोट नको. झाकण उघडं ठेवून 'जरा चालतो का बघू' हा प्रकारही करू नका. दिव्याच्या झाकणाला खटका असतो, तो चिमट्यानं दाबून प्रोजेक्टर चालवणारे असतात. त्या उजेडात अल्ट्राव्हायोलेट असतो, डोळे आपलेच.

सामान फार नाही. लांब दांड्याचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, एक चपटा बारीक, चिमटा, हीटसिंक पेस्ट (चिपची उष्णता तिच्या पाठीवरच्या धातूच्या हीटसिंकला पोचवणारं मलम), आयसोप्रोपिल अल्कोहोल, चष्मा पुसायचं मऊ कापड, मनगटाला बांधायची अँटिस्टॅटिक पट्टी (अंगावरची स्थिर वीज चिपला लागू नये म्हणून). पट्टी नसेल तर निदान नायलॉनचा शर्ट घालून बसू नका. आणि चार बश्या. वरच्या झाकणाचे स्क्रू पहिल्या बशीत, बोर्डाचे दुसऱ्या, असं. एका लांबीचा स्क्रू दुसऱ्याच्या जागी गेला की प्लास्टिक फुटतं.

चिप

झाकण काढल्यावर वरचा बोर्ड दिसतो. प्रत्येक केबल काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, जवळून. चपट्या पट्टीच्या केबलचं कुलूप वर उचलायचं की बाजूला ओढायचं हे बघूनच हात लावा. ते तुटलं तर चिपपेक्षा मोठं दुखणं होतं. रंगाचं चाक दिसेल, काचेचं. त्याला हात लावू नका, पुसूही नका.

लेन्सच्या मागच्या बाजूला एक छोटा बोर्ड आणि त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचा हीटसिंक दिसेल. आरशांची चिप त्यांच्या पलीकडे, लेन्सकडे तोंड करून. हीटसिंकचे स्क्रू स्प्रिंगवाले असतात. एक पूर्ण काढून मग दुसरा, असं नाही: तिरके समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जा. हीटसिंक निघाला की बोर्ड हलक्या हातानं उचला. काही बोर्डांवर चिपच्या शेजारी खाच असलेला प्लास्टिकचा गोल तुकडा असतो, तो पाव फेरा फिरवला की पकड सुटते आणि चिप वर येते. काहींत तसं काही नसतं, चिप नुसती दाबून बसलेली असते. दोन्हीत स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटायची गरज नाही. निघत नसेल तर काहीतरी सोडायचं राहिलंय.

आता चिपवरचा नंबर वाचा. १०७६ नं सुरू होत असेल तर १०२४ गुणिले ७६८ ची, ८०६० नं सुरू होत असेल तर ८०० गुणिले ६०० ची. मागवताना हा पूर्ण नंबर द्या, शेवटच्या अक्षरासकट. प्रोजेक्टरचं मॉडेल सांगून मागवू नका, एकाच मॉडेलमध्ये दोन चिपा निघालेल्या मी बघितल्यात. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी होते, नाहीतर ऑनलाइन. एका ऑनलाइन विक्रेत्यानं मला 'नवी' म्हणून पाठवलेल्या चिपच्या पाठीला खोबणीत जुनी पेस्ट वाळून बसली होती. लावली, अकरा ठिपके! तेव्हापासून पार्सल उघडतानाचा व्हिडिओ करतो आणि चिप आल्या आल्या पाठ बघतो.

नवी चिप कडेनं धरा. काचेवर बोट उमटलं तर मऊ कापडाला अल्कोहोलचा थेंब लावून एकाच दिशेनं पुसा. चिपचा एक कोपरा वेगळा असतो, खूण असते; सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा. जुळली की ती स्वतःच्या वजनानं बसते. दाबावी लागत असेल तर उलटी आहे.

हीटसिंकवरची आणि चिपच्या पाठीवरची जुनी पेस्ट पूर्ण काढा आणि मधल्या चौकोनावर नवी लावा, भाताच्या शितापेक्षा कमी. पोळीला तूप लावल्यासारखी थापायची नाही, कडेनं ओघळली तर संपर्कांत जाते.

स्क्रू पुन्हा तिरके समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा. पहिल्या चिपच्या वेळी मी उत्साहात एकच कोपरा गच्च आवळला होता. चित्र आलं, ठिपके गेले, पण डावीकडची अक्षरं रेखीव केली की उजवीकडची पुसट होत होती. दोन तास लेन्सशी झटापट केली. लेन्सचा काही संबंध नव्हता. चिप केसभर तिरपी बसली होती. सगळे स्क्रू सैल करून पुन्हा सारखे आवळले, पाच मिनिटांत बरं झालं.

बंद करण्याआधी हवेच्या जाळ्या, पंख्याची पाती आणि हीटसिंकच्या फटी ब्रशनं साफ करा. ब्लोअर मारायचा तर पंखा काडीनं अडवून धरा. ही धूळ राहिली तर वर्षभरात पुन्हा चांदणं. बाईंच्या प्रोजेक्टरच्या जाळीत खडूची भुकटी थर धरून बसली होती. फळ्याखालच्या टेबलावरच ठेवत होते. आणि मध्येच लाइट गेली की पंखा बंद, दिव्याची धग आतच. इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालवायचा नसला तरी चालेल, पंखा थांबेपर्यंत त्याला वीज मिळाली म्हणजे झालं.

जुनी चिप फेकू नका

शाळेतला साधा मायक्रोस्कोप घ्या. सगळ्यात मोठी लेन्स चालणार नाही, कारण ती इतकी जवळ न्यावी लागते की चिपची काच आडवी येते. १० पटीची लेन्स आणि १० पटीचा आयपीस लावा. खालून उजेड देऊन उपयोग नाही, चिप आरपार दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च बाजूनं तिरका धरा आणि हळूहळू हलवा. १०.८ मायक्रॉनचं अंतर डोळ्याला जवळजवळ एक मिलिमीटर दिसतं, अख्खं पान आलेखाच्या कागदासारखं. वीज नसताना सगळे आरसे सपाट पडलेले असतात. टॉर्च एका कोनात आला की त्या शिस्तीच्या रांगांत एखादा चौकोन एकटाच लखकन चमकतो. तोच तुमचा ठिपका.

दुसरा खेळ लाल लेझर पॉइंटरचा. चिप विटेला चिकटवून भिंतीपासून २ मीटरवर भिंतीकडे तोंड करून ठेवा, लेझर भिंतीजवळून जवळजवळ सरळ तिच्यावर मारा, खोली अंधारी करा. डोळा किरणाच्या वाटेत आणायचा नाही, चिपकडे वाकून बघायचं नाही. भिंतीवर लाल ठिपक्यांची जाळी उमटते. लाल किरणाची लांबी ०.६५ मायक्रॉन धरा, तिला १०.८ नं भागा, २ मीटरनं गुणा: १२ सेंटिमीटर. आरसे याहून बारीक असतील तर ठिपके आणखी लांब लांब पडतात.

बाईंना प्रोजेक्टर परत देताना जुनी चिपही काड्यापेटीत घालून दिली आणि हा हिशेब मागच्या बाजूला लिहून दिला. आठवड्यानं फोन आला. सातवीच्या पोरांनी पट्टीनं मोजलं होतं, कुणाचं साडेअकरा आलं, कुणाचं साडेबारा, आणि वर्गात भांडण लागलं होतं. "दादा, बरोबर कोणाचं?" मी म्हटलं, "बाई, आधी दोरीनं भिंतीचं अंतर पुन्हा मोजायला सांगा."