गडद पिवळी प्लेट आणि विरलनाचा हिशेब

खानापूर तालुक्यातून बेळगावच्या प्रयोगशाळेत आलो, तेव्हा एलायझाच्या (खाचा असलेल्या प्लेटमध्ये रंगाच्या गडदपणावरून प्रथिन मोजणाऱ्या चाचणीच्या) सगळ्या पायऱ्या मला पाठ होत्या, आणि तरीही माझी पहिली पूर्ण प्लेट वाया गेली. डुकराच्या पिल्लांना चिकातून किती प्रतिपिंडे मिळतात, हे आयजीजी (रक्तातले मुख्य प्रतिपिंड) मोजून पाहायचे होते. डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत आणि पिल्लाचे आतडे ती साधारण २४ ते ३६ तासच शोषू शकते, त्यामुळे कोणाला चीक मिळाला आणि कोण मागे राहिले, हाच साऱ्या मोजणीचा गाभा होता.

माझी चूक विरलनात, म्हणजे नमुना किती पट पातळ करायचा यात झाली. ज्येष्ठ सहकाऱ्याच्या वहीतले १,००० पट विरलन मी तसेच उचलले. ते दुसऱ्याच प्रथिनासाठी केलेले होते. प्रौढ डुकराच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) आयजीजी प्रति मिलिलीटर सुमारे २० मिलिग्रॅम असते. ते १,००० पट विरल केले, तरी २०,००० नॅनोग्रॅम उरतात आणि माझ्या चाचणी-संचाचे (किटचे) सर्वांत तीव्र स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचे ज्ञात प्रमाणाचे द्रावण, होते ५०० नॅनोग्रॅमचे. साहजिकच चीक प्यालेल्या सर्व पिल्लांच्या वेल्स (प्लेटवरच्या खाचा) सारख्याच गडद पिवळ्या झाल्या. संगणकाने स्टँडर्डांवरून काढलेल्या वक्ररेषेच्या पलीकडचेही आकडे काढून दिले आणि ‘सर्व पिल्लांना सारखेच संरक्षण मिळाले’ असे मी आनंदाने लिहिले. वरच्या स्टँडर्डपेक्षा जास्त आलेला आकडा हे मोजमाप नव्हे, तो लिहूच नका.

योग्य विरलन २,००,००० पटींच्या आसपास होते. ते एका झटक्यात करू नये, कारण अत्यल्प द्रव उचलताना पिपेटची चूक तेवढ्याच पटीने वाढते. १० मायक्रोलीटर सीरम ९९० मायक्रोलीटर विरलन-द्रवात, त्यातले १० पुन्हा ९९० मध्ये, मग त्यातले ५० घेऊन ९५० मध्ये मिसळावे आणि दर पायरीला टीप बदलून नीट ढवळावे. संच महाग असल्याने आधी चाचणी करणे अनेकांना उधळपट्टी वाटते. मला ती सर्वांत मोठी बचत वाटते. दोन-तीन नमुने तीन वेगवेगळ्या विरलनांवर एकाच पट्टीत चालवा. विरलनाच्या पटीने गुणून आलेले आकडे एकमेकांशी जुळले, तरच पुढे जा.

मानवी प्रतिपिंडांसाठी बनवलेला संच डुकरांसाठी चालतो, असे कोणी सांगितले तर पुरावा मागा. मार्गदर्शक निवडताना मात्र तक्त्याआधी प्लेटचे कच्चे वाचन मागणारा निवडा. मला तसे मार्गदर्शक लाभले आणि त्यांनी रागावण्याऐवजी ‘उरलेले सीरम गोठवले आहेस ना?’ एवढेच विचारले. ते गोठवलेले होते. तुमच्याकडेही ते असेल, तर घाबरण्याचे कारण नाही.

दुसऱ्या प्लेटवर एका वेतातले सर्वांत लहान पिल्लू भावंडांच्या कितीतरी खाली दिसले. पहिल्या प्लेटवर त्याची वेलही इतरांइतकीच गडद होती.