दिनविशेषाचा फळा लिहिताना

तीन बाय दोन फुटांच्या फळ्यावर चार नोंदी पुष्कळ झाल्या. पाचवी घुसवली की अक्षर बारीक होतं आणि जिन्यावरून उतरणारं पोर थांबत नाही.

वर तारीख-वार, खाली घटना, मग जयंती, शेवटी स्मृतिदिन. दरेक ओळीत साल, काय घडलं आणि कुठे. ३ मेला नुसतं ‘भारतीय चित्रपटाची सुरुवात’ लिहून भागत नाही. ‘१९१३ : दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लोकांसाठी लागला’ असं लिहा. त्यातलं ‘लोकांसाठी’ गाळू नका. निमंत्रितांना तो २१ एप्रिललाच ऑलिम्पिया थिएटरात दाखवला होता. दोन्ही तारखा छापील सापडतात त्या यामुळेच.

खरी गंमत जुन्या तारखांत आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण साधारण पौषाच्या मध्यानंतर, म्हणजे जानेवारी लागला की, ७९ मिळवायचे. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. इथे ७८ धरले तर १६२९ येतं आणि फळा चुकतो. खरं साल १६३०. शिवाय १९ फेब्रुवारी ही ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कॅलेंडरची तारीख आहे, आज वापरतो त्या ग्रेगोरियन पद्धतीने त्या दिवशी १ मार्च होता. फळ्यावर सरकारी १९ फेब्रुवारीच ठेवा, शेजारी तिथी द्या.

२३ एप्रिल १६१६ चंही तेच. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस एकाच दिवशी गेले, असं सर्रास लिहितात. इंग्लंड तेव्हा ज्युलियन पाळत होतं, स्पेन ग्रेगोरियन. तारीख एकच धरली तरी मध्ये दहा दिवस जातात.

कितवी जयंती? चालू सालातून जन्मसाल वजा करा. पु. ल. देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, म्हणून शंभरावी जयंती २०१९ ला. जन्मशताब्दी वर्ष मात्र ८ नोव्हेंबर २०१८ लाच सुरू झालं होतं.

फळा ओल्या फडक्याने पुसलात तर पूर्ण वाळू द्या, नाहीतर रेघा फाटतात. खडूचं टोक पाण्यात बुडवून लिहिलेलं आधी फिकट दिसतं, वाळल्यावर ठळक उठतं. पुसायला मात्र जोर लागतो. म्हणून असं फक्त मथळ्यापुरतं करा.

आणि स्मृतिदिनाच्या ओळीपुढे ‘हार्दिक शुभेच्छा’ नको. ‘विनम्र अभिवादन’ पुरे.