टर्बो बदलल्यावर गाडी तापतेय? आधी कूलंटमधली हवा काढा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातून टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग) बदलून आणला, गावात गाडी ठीक चालते आणि जोतिबाच्या चढाला लागली की तापमानाचा काटा वर. अशा वेळी लगेच हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलचा) खर्च काढू नका. पाण्याने थंड होणारा टर्बो बदलताना कूलंटचे (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे) पाइप सुटतात, आत हवा शिरते आणि तिथेच अडकते. हीटर लावूनही थंड वारा येत असेल, तर बहुतेक हेच कारण.

१. इंजिन पूर्ण गार असताना गाडीचं तोंड चढाकडे करून लावा. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा.
२. हीटर फुल गरमवर, पंखा कमीवर.
३. कूलंटच्या टाकीचं झाकण काढून कूलंट बारीक धारेने भरा. हवा काढायचा स्क्रू असेल तर सैल करा; बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा.
४. इंजिन चालू करून रेडिएटरचा वरचा रबरी पाइप अधूनमधून दाबा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तसतसं भरत राहा. पाइप गरम व्हायला लागला की झाकण लावा.
५. रेडिएटरचा फॅन एकदा लागून बंद झाला की इंजिन बंद. रात्रभर गार होऊ द्या, सकाळी पातळी बघून भरा.

नळाचं पाणी नको. कंपनीने सांगितलेलंच कूलंट वापरा.

इंजिन गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर टर्बोच्या पाइपांचे वॉशर गळतायत का ते मेकॅनिककडून बघून घ्या.